अल्सरचं पथ्य

"तुमच्या पोटात काही नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला डिप्रेशन आहे."

मी शालनकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे बघितलं. ती टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती. कोल्हापूरच्या त्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तीन विभाग फिरून आम्ही व्हरांड्याच्या टोकाच्या या खोलीपर्यंत पोचलो होतो. दारावर 'मानसोपचार विभाग' अशी पाटी होती. ती वाचून मी परत फिरलो होतो. शालननं सदऱ्याची बाही धरून मला आत आणलं.

डिप्रेशन म्हणजे नैराश्य, असं डॉक्टरांनी समजावलं. मला तो शब्द तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. निराश व्हायला आधी काहीतरी हवं असावं लागतं. मला काहीच नको होतं. जेवण नको, पोरीचा आवाज नको, आंघोळ नको. पहाटे तीनला डोळे उघडायचे आणि छातीवर कुणीतरी दुधानं भरलेला कॅन ठेवल्यासारखं वाटायचं. तुमच्यापैकी कुणाला असं पंधरा-वीस दिवस सलग होत असेल, तर पोटाच्या डॉक्टरांकडे चपला झिजवू नका.

हातकणंगल्याजवळ आमचं गाव. मी तिथल्या दूध संस्थेत टेस्टर होतो. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत यायचे, मी प्रत्येकाच्या दुधाचा नमुना नळीत घेऊन फॅट काढायचो. फॅट म्हणजे दुधातली स्निग्धता. टेस्टर सांगेल तो आकडा खरा, एवढ्या एका विश्वासावर ती खुर्ची उभी असते. एका सकाळी नळी हातात धरून मी नुसता बसलो. आकडा दिसत होता, तो लिहायला हात उचलेना. रांग ओरडायला लागली. "आरं ए टेस्टर, झोपलास काय?" मला सगळं ऐकू येत होतं. त्याच आठवड्यात शालननं मला कोल्हापूरला नेलं.

तीन आठवडे ॲडमिट होतो. गोळी अँटिडिप्रेसंट, म्हणजे उदासपणावरची. या गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तोंड कोरडं पडणं मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर चौथ्या दिवशी मी गोळी गादीखाली लपवली नसती.

भेटीची वेळ चार ते सहा. माझ्याकडे कुणी यायचं नाही, कारण मी कुठे आहे हे गावात कुणाला माहीतच नव्हतं. शालनच्या मागे म्हैस, पोरगी आणि माझी आई. ती रविवारी यायची. बाकीचे दिवस मी चार वाजता तोंडावर चादर ओढून झोपेचं सोंग घ्यायचो, म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या माणसांना माझी कीव करावी लागू नये. चादरीतून त्यांचे डबे उघडल्याचा वास यायचा. इतकं एकटं मला पुढे कधीच वाटलं नाही, आणि पुढेही वाटायचे प्रसंग काही कमी आले नाहीत.

गावात आईनं सांगून टाकलं होतं, "दिनकरला अल्सर झालाय." अल्सर म्हणजे पोटातला व्रण. हा आजार अब्रूदार होता. परत आलो तर लोकांनी मऊ भात, ताक, साबुदाण्याची खीर असं काय काय आणून दिलं. खोटं एकदा बोललं की ते पाळावं लागतं. डोक्याचा आजार लपवायला मी पोटाचं पथ्य पाळायला लागलो. कोल्हापूरच्या माणसानं तिखट सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. गावच्या यात्रेत पंगतीला तांबडा रस्सा वाढत यायचे आणि माझ्या पानाशी आले की म्हणायचे, "टेस्टरला नगं, अल्सर हाय." मी दूधभात कालवत बसायचो.

डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी फॉलोअपला, म्हणजे पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. एकदा गेलो. एसटीत निम्मी माणसं गावचीच. "कुठं निघालायसा?" या प्रश्नाला किती वेळा खोटं उत्तर देणार? दुसऱ्या वेळी गेलो नाही. बरं वाटतच होतं, म्हणून गोळ्याही थांबवल्या. ही माझी चूक, तुम्ही करू नका. दीड महिन्यात कॅन परत छातीवर आला. मळ्याकडं जाताना विहिरीवरून जायची वाट मी मुद्दाम टाळायला लागलो. यावर जास्त लिहीत नाही.

एका दुपारी दारात एक बाई उभी. खांद्याला कापडी पिशवी, पायात धुळीनं माखलेल्या चपला. दवाखान्यातली समाजसेविका. माझा केसपेपर पुढे सरकला नाही, म्हणून शोधत आली होती. गावात विचारताना मात्र तिनं "शालनची मैत्रीण" एवढंच सांगितलं होतं. तिनं मला रागावलं नाही. शालनला विचारलं, "तुमच्या गावातून रोज कोल्हापूरला काय जातं?"

शालन म्हणाली, "दूध."

त्यावर व्यवस्था ठरली. संस्थेचं दूध कोल्हापूरच्या डेअरीत नेणारा ड्रायव्हर हुसेनभाई, हातकणंगल्याचा. मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. दूध उतरवलं की पंधरा दिवसांतून एकदा त्यानं माझा केसपेपर घेऊन दवाखान्यात जायचं, मी कसा आहे ते सांगायचं आणि गोळ्या आणायच्या. दर दोन महिन्यांनी बाई स्वतः येऊन मला बघून जाणार. मी हुसेनभाईला एवढंच म्हणालो, "कुणाला सांगू नगंस." तो म्हणाला, "न्हाय सांगत."

रिकाम्या कॅनांबरोबर माझ्या गोळ्या यायला लागल्या. मी नेमानं घेतल्या. हळूहळू नळीतला आकडा पुन्हा लिहिता यायला लागला. माझी खुर्ची वाचली, अल्सरही वाचला.

सहा-सात महिन्यांनी संस्थेच्या कमिटीची बैठक बसली. प्रोसिडिंग, म्हणजे बैठकीचा वृत्तांत, मीच लिहायचो. अध्यक्ष आण्णांनी सुपारी कातरत विषय काढला. "हुसेनचं डोस्कं फिरलंय. आपला पांडू डोळं दाखवायला दवाखान्यात गेलता. ह्यो गडी येड्यांच्या लायनीत हुबा, हातात कागद घिऊन. एकदा न्हाय, दोनदा बघितलंय."

दुसरा म्हणाला, "त्याच्या पोरीचं ठरलेलं लगीनबी त्यापायीच मोडलं म्हणत्यात."

हे मला माहीत नव्हतं. कालच हुसेनभाईनं माझ्या हातात पुडी दिली होती आणि "टायमावर घे" म्हणून कॅन उतरवायला गेला होता.

"असल्याच्या हातात गाडी द्यायची? उद्या उलटली म्हंजे?" आण्णा म्हणाले. "लिव्ह दिनकर. आजपास्नं त्याला गाडीवरनं काढायचं."

मी 'ठराव' हा शब्द लिहिला. त्याच्यापुढे काही लिहिलं नाही. या वेळी हात उचलत होता, अगदी चांगला उचलत होता. मी तो जाणूनबुजून खाली ठेवला.

"आण्णा, त्यो कागद माझा हाय," मी म्हणालो. "त्या लायनीत त्यो माझ्यासाठनं हुबा ऱ्हातोय. मला अल्सर-बिल्सर कायबी न्हाय. डोस्क्याच्या गोळ्या मी खातोय."

आण्णांचा अडकित्ता थांबला. मी वही मिटली आणि घरी आलो. शालनला सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती, तिनं जळतं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "सुटलो बाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी संस्थेत जाऊन खुर्चीवर बसलो. मला कुणी काढलं नव्हतं, पण रांग लागली ती खुर्चीपासून चार हात लांब. किटल्या हातात, नजरा जमिनीवर. माझा आकडा आता खरा धरायचा की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. मला उठून पळून जावंसं वाटत होतं.

मागून ताराक्का आली. सत्तरीची, एका म्हशीची मालकीण, फाटक्या तोंडाची. रांग ओलांडून तिनं किटली माझ्यापुढे आपटली. "बसलायस का? बघ की फॅट." मी बघितली, आकडा सांगितला. "बराबर हाय," ती म्हणाली, जणू तिला घरूनच माहीत होता. मग खाली वाकून हळू आवाजात, "दिनकर, त्या गोळ्या आमच्या नातीला चालतील काय रं? चार वर्सं झाली, पोर कुनाशी बोलत न्हाय."

"गोळ्या अशा द्यायच्या नसत्यात, आक्का. डॉक्टरला दाखवू," मी म्हणालो. ती मान हलवून गेली आणि मागची रांग चार हात पुढे सरकली. चारपाच घरं मात्र त्या दिवसापासून दुसऱ्या संस्थेत दूध घालायला गेली, ती परत आली नाहीत.

दवाखान्यातल्या समाजसेविका बाईंना मी निरोप धाडला. पुढच्या महिन्यात दवाखान्याचे डॉक्टरच जीपमधून आले. सकाळचं दूध गेल्यावर धुऊन काढलेल्या संस्थेच्या शेडमध्ये बसले. पहिल्या दिवशी ताराक्काची नात आणि मी, दोघंच. पुढे महिन्यातून एकदा ते येत राहिले आणि आसपासच्या गावची माणसं यायला लागली. बहुतेकांच्या हातात किटली असायची, म्हणजे कुणी विचारलं तर दूध घालायला आलो म्हणता यावं. मी त्यांना कधी हसलो नाही. त्यांचे केसपेपर मीच लिहायचो.

हुसेनभाई गाडीवर राहिला. पोरीचं ते लग्न काही परत जुळलं नाही, पुढे दोन वर्षांनी दुसरीकडे झालं. या गोष्टीची फेड माझ्याकडून व्हायची नाही, हे मला ठाऊक आहे.

त्या बैठकीनंतर थोड्याच दिवसांनी ईद आली. त्यानं घरी जेवायला बोलावलं. जायचं धाडस होत नव्हतं, तरी गेलो. त्याची पोरगी पाणी ठेवून गेली, तिच्याकडे मला बघवलं नाही. मी त्याला विचारलं, "तू का बोलला न्हाईस, भाई? एवढं घर बसत आलं तुझं."

तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "माझं डोस्कं ठीक हाय ह्ये मला ठावं हुतं की. तुझं ठीक हाय का न्हाय, ह्ये तुला ठावं न्हवतं. मग कुणी गप ऱ्हायाचं?"

त्यानं लालभडक रश्श्याची वाटी माझ्यापुढे सरकवली.

"खा की आता," तो म्हणाला. "बरा झाला न्हवं तुझा अल्सर?"