पंचायतीतली खुर्ची

अठ्ठ्याहत्तर साल असेल. सोनपेठच्या एसटीत एक बाई साऱ्यांना पेढे वाटत होती. ओळख ना पाळख, माझ्याही हातावर तिनं दोन ठेवले.

“कसले?” मी विचारलं.

“केस जिंकले. मी पंचायतीत निवडून आलेली. सरपंच म्हनले, तुला काढलं, घरी बस. जज्ज म्हनले, लोकांनी निवडलेल्या बाईला काढायचा अधिकार सरपंचाला न्हाईच.”

“सरपंचाचा राग आला असेल?”

“लय आला व्हता. आता न्हाई. त्यांची खुर्ची त्यांचीच हाय की. माझी तेवढी माझी.” तोंडाला पदर लावून ती मनापासून हसली.

गाव आलं तशी ती उतरली. कंडक्टर म्हणाला, “घरी सांगा आधी.”

“सांगते की. आज मीटिंग हाय, तिकडंच जायले,” म्हणत ती झपाझप पंचायतीकडे निघाली.

‘अधिकार’ हा शब्द वाचला की मला अजून तिची ती चाल आठवते.