दुपारच्या सत्रातली गैरहजेरी

माझी वयनी, म्हणजे भावाची बायको कमलाक्षी, पणजीत हृदयाच्या डॉक्टरांच्या संघटनेत कारकून. डॉक्टर झाला तरी शिकणं संपत नाही म्हणे. व्याख्यानं ऐकायची, त्याचे गुण मिळवायचे. दोन हजार सहा साली त्या गुणांना परदेशातही मान्यता मिळणार होती. अट एकच, हजेरी खरी हवी. सकाळी सही, दुपारी सही. मागाहून सही करायला आलेल्या भल्या भल्या डॉक्टरांना वयनीने आल्या पावली परत पाठवलंय. पेडण्यात आमच्या घरीही तिचा तोच खाक्या. त्यावरून आमची भांडणं काय थोडी झाली?

त्या शनिवारी माझा भाऊ शिवदास तुयेच्या कारखान्यातून लवकर सुटून तिला आणायला स्कूटरने पणजीला गेला. व्याख्यानं चालू होती त्या हॉटेलच्या पायऱ्यांवर बसला आणि तिथेच कोसळला. वर चाळीस हृदयतज्ज्ञ दार लावून हृदयावरच ऐकत होते! मेल्यांनो, खाली या रे कोणीतरी! जेवून उशिरा परतणारे डॉक्टर श्रीनाथ तेवढे धावले. छाती दाबत दाबत त्यांनी त्याला इस्पितळात नेलं, शेवटपर्यंत सोडलं नाही. दादा गेला. आणि वर वयनी वहीपाशी बसून पुटपुटत होती, श्रीनाथांची सही नाही, गेले असणार समुद्रावर.

ती रडली नाही. बारा दिवस वाढलेलं ताट तिच्यासमोर तसंच राही. चहा दिला तर घेई, नाही दिला तर मागत नसे. चौदाव्या दिवशी उठून कामावर गेली.

तिथे सेक्रेटरींनी वही पुढे ठेवली. तपासणीला परदेशी पाहुणे यायचे होते. "त्या दुपारची श्रीनाथांची हजेरी लावून टाका. ते गुण नसले तर त्यांचं परदेशात शिकायला जाणं हुकतं. कोण विचारणार आहे?"

वयनीने 'गैरहजर' लिहिलं आणि वही मिटली.

संघटनेला मान्यता मिळाली, पेढे वाटले. श्रीनाथांची परदेशातली जागा मात्र गेली.

मला हे बाजारात दुसऱ्यांकडून कळलं. डोकंच फिरलं माझं. तशीच घरी येऊन तिच्यासमोर उभी राहिले.

"तुका काळीज आसा काय गे वयनी? ज्यान दादासाठी जीव टाकलो, त्याच्याच मुळार उठलंस?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"विमला, तुझो दादा गेलो तेव्हा मी वर होतंय. सही नाय म्हणान त्या माणसाक शिव्या घालत होतंय. आता श्रीनाथ पण वरच होतो असा लिवला, तर तुझ्या दादाकडे कोण होतो गे?"

मी तिथेच तिच्याजवळ बसले आणि हमसून हमसून रडले. ती तांदूळ निवडत राहिली.