मागच्या रांगेतला धाकू

धाकू परब सत्तेचाळीस वर्षांचा झाला, तरी भटवाडीच्या टेकडीवरच्या आपल्या चाळीचा जिना उतरताना शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारूनच उतरत असे. ठरवून नव्हे. पाय आपोआप उचलले जात, आणि जमिनीला टेकल्यावर त्याला आठवे की आपल्याला गुडघे आहेत. गिरणी संपात गेली, मुलुंडच्या औषधाच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं, कानशिलं पांढरी झाली, लेक प्रेमा टायपिंग शिकून नोकरीला लागली. मोठ्या माणसाच्या आयुष्यात जे जे व्हायचं ते सगळं धाकूच्या आयुष्यात वेळच्या वेळी झालं. तो मोठा माणूस तेवढा अजून यायचा होता.

रस्त्यात कुणी ‘काका’ म्हणून हाक मारली की धाकू आधी मागे वळून बघे.

याचं त्याला दुःख नव्हतं, कुतूहल होतं. दाढी करताना तो आरशातल्या माणसाकडे बघत राही. हा कोण, आणि माझा रेझर याच्या हातात कसा? बाकीच्यांना हे कधी कळलं असेल? झोपेतून उठल्यावर एखाद्या सकाळी? की वडिलांना पोहोचवून परत येताना? वडील गेले तेव्हा धाकूने स्वतःकडे नीट लक्ष ठेवलं होतं. काहीच झालं नाही. फक्त भूक लागली.

मग प्रेमाचं लग्न ठरलं, साखरपुडा घरीच करायचा ठरला, आणि गाऱ्हाणं घालायची पाळी धाकूवर आली.

परबांकडे कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नसे. देवापुढे नारळ आणि विडा ठेवायचा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या पुरुषाने पुढे उभं राहून गावच्या रवळनाथाला मोठ्याने सगळं सांगायचं: कार्य काय, कुणाचं, काय हवं, काय टळायला हवं. दर वाक्याला मागच्यांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मुंबईत येऊन पिढी गेली, पण देवाशी बोलणं मालवणीतच. कागद चालत नाही. इतकी वर्षं हे काम नाना करत. नाना म्हणजे धाकूचे थोरले चुलतभाऊ, दोन खोल्या सोडून राहणारे. धाकूची जागा सगळ्यात मागे. त्याचा ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांच्या किंचित आधी आणि सगळ्यांहून मोठा. पण थंडीत नानांना लकवा मारला आणि त्यांची वाचा गेली. त्यांच्यानंतर वयाने मोठा धाकूच.

“जमेल ना तुम्हाला?” बायकोने, नलिनीने विचारलं. “की सहदेवदादाला सांगू?”

सहदेव नलिनीचा भाऊ. बँकेत होता, युनियनच्या सभेत बोलायचा, जन्मला तेव्हाच चाळिशीचा असावा.

“सहदेव काय परब आहे? आमचा देव त्याला ओळखायचा पण नाही.”

“मग हसायचं नाही हां. गेल्या गणपतीत हसला होतात.”

“मी नाही. नंदू हसला.”

“बघा! शाळेतल्या पोरासारखी नावं सांगतायत. प्रेमाच्या सासरची माणसं असणार समोर. पोरीचा बाप म्हणून उभं राहायचंय तुम्हाला.”

धाकूने शेजारच्या नंदूला चहाच्या टपरीवर गाठलं. “नंदू, तुला कधी वाटलं रे, आता आपण मोठे झालो?”

“मला वाट लागली असं वाटतं,” नंदू म्हणाला. “मोठं बिठं काय नाय. का रे?”

संध्याकाळी तो नानांकडे गेला. “नाना, तुमका कधी कळला, आपण मोठे झालो ता?” नाना अर्ध्या तोंडाने हसले. लाळ गळली ती धाकूने टॉवेलने पुसली.

साखरपुड्याच्या रविवारी सकाळी खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. नवऱ्यामुलाचे काका सफारी सूट घालून पुढे बसले होते. नानांची खुर्ची दाराशी मांडली होती. धाकू देवापुढे उभा राहिला. समोर नारळ, आणि मध्ये कुणीच नाही. इतकी वर्षं तिथे नानांची पाठ असायची.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा,” त्याने सुरुवात केली. आवाज स्वतःचा वाटेना. “आज तुझ्या लेकरांनी नारळ-विडो ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मागून आवाजाची लाट आली आणि त्याला धीर आला. नानांचे शब्द आपसूक सापडू लागले. “प्रेमाचा नवीन घर जोडतंव, तिका थंय सुखात ठेव, म्हाराजा!”

आणि कुणी तोंड उघडायच्या आत त्याच्याच तोंडातून निसटलं, खणखणीत, एकट्याचं:

“व्हय म्हाराजा!”

नंदूने रुमाल तोंडात कोंबला. सफारीवाल्या काकांनी मुलाकडे पाहिलं. नलिनीने डोळे मिटले. सहदेव खाकरला आणि अर्धं पाऊल पुढे आला.

धाकूला वाटलं, झालं. आता सगळ्यांना कळलं.

तेवढ्यात दाराकडून एक फाटका, ओला आवाज आला. “व्ह...य म्हा...जा!”

सगळे वळले. थंडीपासून नाना एक शब्द बोलले नव्हते. ते खुर्चीत पुढे झुकले होते, बरा हात मांडीवर आपटत होते, आणि वाकड्या तोंडावर चोरून कैरी खाल्लेल्या पोराचा आनंद होता. धाकू बघतच राहिला. नाना नेहमी पुढे. मागे उभं राहून ओरडायची मजा या माणसाला कधी मिळालीच नव्हती.

तो परत देवाकडे वळला. आता शब्द नानांचे नव्हते.

“बा देवा म्हाराजा! काय चुकला-माकला तर माझा, पोरीचा नाय. पुढे उभो रवलंय, पण मागची सवय सुटणा नाय, ता तू सांभाळून घे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी चाळ हादरली. सफारीवाल्या काकांचा आवाजही त्यात होता. सहदेव मुकाट्याने मागे सरकला. प्रेमा पदर तोंडाला लावून हसत होती, आणि रडतही असावी.

पाहुणे गेल्यावर धाकू दाराशीच बसलेल्या नानांसाठी चहा घेऊन आला. नानांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि डोळ्यांनी नारळाच्या दिशेने खुणावलं. पुन्हा घाल गाऱ्हाणं. धाकूला कळलं. तो खुर्चीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला.

“बा देवा म्हाराजा,” तो हळूच म्हणाला, “नानांच्या चायेत साखर कमी पडली हा, ती नलिनीच्या नजरेक पडल्याशिवाय वाढव, म्हाराजा!”

“व्ह...य म्हा...जा!”

“अहो,” पलीकडून नलिनीचा आवाज आला, “शेजाऱ्यांच्या खुर्च्या कोण परत करणार?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“व्हय म्हाराजा,” धाकू म्हणाला, आणि या वेळी नाना त्याच्या किंचित आधी.