आत येणाऱ्या प्रत्येकाला तिकीट

"त्या इंग्लिश शाळेच्या पोरीनं देवीला तिकीट लावलं," वाडीतल्या कडूबाई तिकीटखिडकीबाहेर कुणाला तरी म्हणाल्या. ती पोरगी, म्हणजे मी, आत पावतीपुस्तकावर शिक्के मारत होते. मान वर केली नाही.

कन्नड गावाच्या पुढे आमचं अभयारण्य. वॉचरचे पगार आणि जाळरेषेचा खर्च गेटच्या तिकिटांतूनच निघावा, असं वरून ठरलं होतं. जाळरेषा म्हणजे वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्याआधी गवत जाळून मोकळा केलेला पट्टा. मी कंत्राटी कोऑर्डिनेटर. गेटवरच्या बोर्डाचा इंग्रजी मसुदा मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. 'व्हिजिटर'साठी मी लिहिलं, 'आत येणाऱ्या प्रत्येकाला तिकीट बंधनकारक.' मला ते सोपं वाटलं.

पण देवीचं ठाणं जंगलात आहे. वाडीतल्या बायका दर मंगळवारी गेटमधूनच जातात. वॉचर बोर्डावर बोट ठेवून अडवू लागला. दोन मंगळवार त्या परत गेल्या. मग जाळरेषेच्या कामाला वाडीतून एकही माणूस आला नाही. पट्टा अर्धाच राहिला, गवत वाळत चाललं. रोज सकाळी मी आधी डोंगरावर धूर दिसतो का ते बघायचे.

"सर, त्यांना सूट देऊ या का?" मी रेंजरसाहेबांना विचारलं.

"आज देवी, उद्या कुणाचा वाढदिवस. गेट चाललं नाही तर तुमचं कॉन्ट्रॅक्ट कशातून रिन्यू करू?"

मी पावतीपुस्तक पुढे ओढलं.

शेवटी जाळरेषेला माणसं मागायला साहेब वाडीच्या समाजमंदिरात गेले. मी मागे.

कडूबाईंनी विचारलं, "साहेब, तुमी हापिसात जाताना तिकीट काढता का?"

"मी तिथं काम करतो, मावशी."

"मग वणवा कोण इझवतं? आमी काय येणारे हाओत व्हय? आमची वहिवाट हाय ती."

वहिवाट म्हणजे पिढ्यान् पिढ्या वापरून हक्काची झालेली वाट. माझ्या शाळेत हा शब्द कधी आलाच नव्हता.

"बोर्ड सरकारी आहे," साहेब म्हणाले.

पुढच्या मंगळवारी बायका तिकिटाशिवाय आत गेल्या. त्याच आठवड्यात जाळरेषा पूर्ण झाली. पर्यटक तिकीट काढतातच. माझ्या कॉन्ट्रॅक्टचं अजून काही कळलेलं नाही. बोर्ड रंगवण्याआधी तो गेटवर मोठ्याने वाचून दाखवावा, एवढं शिकले. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी समाजमंदिरात मी इतकंच म्हणाले, "सर, बोर्ड सरकारी आहे, पण शब्द माझा आहे. तो चुकलाय. मीच पुसते."