शेजारचा लास्लो आणि आमच्या दाराचं कुलूप

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसालच, मला माहीत आहे, पण आधी तो कप खाली ठेवा. उगाच ठसका लागेल.

तेव्हा आम्ही सिंगापुरात बेडोकला राहायचो, दहाव्या मजल्यावर. आई सांगलीहून आलेली. मी आणि बायको ऑफिसला गेलो की ती दिवसभर घरात एकटी. आणि नेमका शेजारी राहायला आला लास्लो. सत्तरीचा, एकटा, मूळचा हंगेरीचा. एवढंच कळलेलं.

मला तो पहिल्या दिवसापासून खटकला. सोमवारी डाव्या पायानं लंगडायचा, गुरुवारी उजव्या. लिफ्टमध्ये भेटला तेव्हा मिशी होती, संध्याकाळी हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर बघतो तर गायब. तुम्हीच सांगा, सरळमार्गी माणसाची मिशी अशी ये-जा करते का?

आईशी मात्र त्याचं चांगलंच मेतकूट जमलं. ती इंग्रजीची निवृत्त शिक्षिका, तिला बोलायला कुणीतरी हवंच होतं. एकदा जेवताना म्हणाली, "लास्लोभाऊ आज तुझी चौकशी करत होते."

"माझी? कसली?"

"तू घरी कधी येतोस, कुलूप किती वेळा ओढून बघतोस, बेल वाजली की आधी कुठून डोकावतोस."

मी हातातला घास ताटात ठेवला. "आणि तू सांगितलंस?"

"विचारल्यावर सांगायला नको? भला माणूस आहे."

"आई, चोर असेच भले असतात. तू एकटी असताना आत शिरला म्हणजे?"

"तुला तर पोस्टमनचाही संशय येतो," बायको म्हणाली. तिच्याकडून मदतीची आशा नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी मी आजारी असल्याचं ऑफिसला कळवलं आणि घरातच दबा धरून बसलो. हातात लाटणं. अकराच्या सुमारास दाराशी खुडबुड झाली. दाराच्या भिंगातून बघतो तर लास्लो. आमचं कुलूप चाचपतोय, दाराला कान लावतोय. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू, पण आत आई होती. धाडकन दार उघडून लाटणं उगारलं आणि ओरडलो, "कोण तू? काय पाहिजे तुला?" तेही मराठीत. घाबरल्यावर इंग्रजी सुचतं कुणाला?

लास्लोचा चेहरा एकदम उजळला. त्याच्या त्या खरखरीत इंग्रजीत म्हणाला, "अप्रतिम. अगदी असंच पुन्हा एकदा कराल?"

आई धावत आली. "अरे, ठेव ते लाटणं. नट आहेत ते."

आधी बुडापेस्टची रंगभूमी, मग लंडन, मग सिनेमे. चाळीस वर्षं कधी वेटर, कधी डॉक्टर, कधी खलनायकाचा उजवा हात, दोनदा तर नुसतं प्रेत. नायक एकदाही नाही. आता इथल्या एका नाटकात पहिल्यांदा मोठी भूमिका मिळालेली, आणि त्यात कुलुपाचा प्रसंग होता. लंगडणं नि मिशी हा सगळा त्याचाच सराव.

"मग मला आधी का नाही सांगितलंस?" मी आईला विचारलं.

"तू विचारलंस कुठे? तू त्यांना थेट चोरच ठरवलंस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भरपाई म्हणून सगळ्यांची तिकिटं मीच काढली, तीही पहिल्या रांगेतली.

नाटकात लास्लो झाला होता एक भित्रा, संशयी गृहस्थ. कुलूप ओढून बघतो, चार पावलं जातो, परत येऊन ओढतो. बेल वाजली की पडद्याच्या फटीतून एक डोळा. लोक हसून हसून बेजार. मीही पोट धरून हसलो. न राहवून आईच्या कानाशी लागलो, "काय वल्ली उभी केलीय. अशी माणसं खरंच असतात का गं?"

आई स्टेजवरची नजर न हलवता म्हणाली, "शर्टसुद्धा ओळखीचा वाटत नाही का तुला?"