बादलीभर चहा

गॅरेजांच्या त्या गल्लीत किटलीकाकूंना खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. हातात किटली नसलेल्या काकू कोणी पाहिलेल्याच नाहीत. बाई अंगाने किरकोळ, पण आवाज ग्राइंडरवर मात करणारा, आणि उत्साह असा की जवळ नुसतं उभं राहिलं तरी आपणही काहीतरी करून दाखवावं असं वाटू लागतं.

सुट्ट्या पैशांची मारामारी होती तेव्हाची ही गोष्ट. चहाच्या एका कपासाठी मोठी नोट पुढे करायची आणि "सुटे नाहीत? मग नंतर देतो" म्हणून सटकायचं, हा गल्लीचा नेमच झाला होता. काकू जाम वैतागल्या. त्यांचे यजमान लेथवर काम करायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. काकू त्यांना म्हणाल्या, "अहो, त्या पितळी सळईच्या चकत्या कापून द्या मला. नोट द्या, चकत्या घ्या. एक चकती, एक चहा. सुट्ट्यांची कटकटच नको!"

मिस्त्रींनी चकत्या कापल्या, कडा घासल्या आणि प्रत्येकीवर किटलीचा ठसा मारला. ठसा त्यांनी स्वतः कोरला होता. माणूस लेथवर वाकबगार, चित्रकलेत मात्र ठार अडाणी. किटली थेट बदकासारखी दिसत होती. गल्लीने तिथल्या तिथे बारसं उरकलं: बदक! काकू दिवसभर फुगून बसल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. एक मात्र झालं, इतकं वाईट बदक दुसऱ्या कोणाला जमेना, त्यामुळे नक्कल करायची कोणाची छाती झाली नाही.

आणि मग धमाल सुरू झाली. वेल्डरने पंक्चरचे पैसे टायरवाल्याला बदकांत दिले. टायरवाल्याने ती रंगाऱ्याला दिली, रंगारी पत्त्यांत हरला, आणि जिंकणाऱ्याने त्याच बदकांवर केस कापून घेतले. काकूंचे डोळे विस्फारले. कितीतरी बदकं चहासाठी परत येतच नव्हती!

"अहो, लोक चहा न पिताच माझी बदकं फिरवताहेत! माझ्या नावाचा पैसा झालाय, पैसा!"

"तुझ्या नावाचा कुठला? बदकाच्या," मिस्त्री म्हणाले.

पण काकूंच्या अंगात वारं शिरलं होतं. त्याच सुमारास कोपऱ्यावरचा गाळा रिकामा झाला. इतकी वर्षं ताडपत्रीखाली चहा उकळलेल्या बाईला पक्कं छप्पर म्हणजे काय, हे आपल्याला काय कळणार! साठवलेल्या सगळ्या नोटा अनामत म्हणून मालकाच्या हाती गेल्या. ओटा, फळ्या, शटर, रंग, वायरिंग हे सगळं बाकीच होतं. काकूंनी प्रत्येकाला विचारलं, "बदकांत घ्याल का?" प्रत्येकजण म्हणाला, "घेतो की!" झालं! मिस्त्री सळया कापत सुटले.

"अगं, एवढा चहा आपण पाजणार कसा?"

"सगळे एकदम थोडेच मागणार आहेत!" काकू म्हणाल्या. हीच त्यांची चूक.

गल्लीभर कोरी करकरीत बदकं चमकू लागली आणि टायरवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस मूळचाच संशयी. स्वतः भरलेली हवाही दोनदा तपासणारा. "मिस्त्री सकाळपासून बदकंच कापतायत," तो ज्याला त्याला सांगत सुटला. "जगात तरी एवढा चहा आहे का?"

दुसऱ्या दिवशी काकू गाळ्यावर आल्या तर दारात ही रांग! प्रत्येकाच्या मुठीत बदकं. सगळ्यांना चहा हवा होता आणि आत्ताच हवा होता. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. चहा कमी पडला तर बदकं भंगारात जाणार, आणि ज्यांनी ज्यांनी गाळा उभा केला ते आपापला ओटा, आपापलं शटर उखडून नेणार. परत ताडपत्री!

मिस्त्री कानाशी लागले. "शटर ओढ. तब्येत बरी नाही म्हणून सांग."

"शटर ओढलं की बदक मेलं! पेटवा दोन्ही शेगड्या!"

काय पेटल्या म्हणून सांगू! आधणावर आधण, किटलीमागून किटली. काकूंचा हात थांबेना. गल्ल्यातल्या होत्या नव्हत्या त्या नोटा देऊन दूध आणवलं. पहिल्या कपाला रांगेत मरणाची शांतता होती. दुसऱ्या कपाला लोक बोलू लागले. वेल्डर तिसऱ्यावर आला आणि त्याने पोटावरून हात फिरवला. रंगाऱ्याने तर चौथ्याला हातच जोडले.

"काकू, बास! उरलेली बदकं उद्या चालतील ना?"

"उद्या चालतील, पुढच्या वर्षी चालतील! पण आज हवा असेल तर आजच घे!"

रांग हसत हसत पांगू लागली. चहा मिळतोय म्हटल्यावर सगळ्यांनाच तो नकोसा झाला. उरला एकटा टायरवाला. तो आला तो बादली घेऊनच! ट्यूब बुडवून पंक्चर शोधायची त्याची ती बादली, घासूनपुसून लख्ख केलेली.

"माझी सगळी बदकं," त्याने ओट्यावर ढीग ओतला. "यात भरून द्या."

काकूंनी किटली उचलली. बादली काठोकाठ भरून दिली. बोटं पोळली, पण थेंब कमी पडू दिला नाही. टायरवाला जग जिंकल्यासारखा निघाला.

थोड्या वेळाने त्याला व्हॉल्व्ह लागले. सुट्या भागांच्या दुकानात तो बादली घेऊन गेला. दुकानदाराने आत डोकावून पाहिलं. "गार झालाय. बदक दे." रंगाऱ्याला बादली दिसताच तो पळालाच. गिऱ्हाईकांनी नाकं मुरडली. चहावर साय धरली, सायीवर माशी बसली. दुपारी टायरवाला मान खाली घालून गाळ्यावर हजर.

"काकू, हा परत घ्या. बदकं द्या."

हसून हसून गल्लीची पुरेवाट झाली. काकूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं. आपला शब्द टिकला, गाळा टिकला, या आनंदाचंही होतं.

"गार चहा घेऊन मी काय करू? तो ओतून ये, बादली विसळ आणि ही फरशी पुसून दे. दोन बदकं देते."

टायरवाला धावला! ज्या बदकांचा सकाळी भरवसा नव्हता, त्यांच्यासाठी आता कपाळावर घाम. फरशी अशी पुसली की मिस्त्रींना तीत आपला चेहरा दिसला. त्याच दिवशी काकूंनी, आता नवी बदकं नकोत म्हणून, ठसा आपल्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. काकूंची लेक आता बँकेत नोकरीला आहे. परवा तिने आईच्या फोनवर पैसे घ्यायची सोय करून दिली. काकूंनी फोन उलटासुलटा करून पाहिला.

"यामागे काय आहे गं?"

"पूर्वी नोटेमागे सोनं असायचं, आई. नोट द्या, सोनं घ्या. मग सोनं देणं बंद झालं, तरी नोटा चालत राहिल्या. आता नोटही नको, नुसता आकडा."

"अगं बाई! म्हणजे बदकातलं पितळही गेलं!" काकू लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत म्हणाल्या. मग मात्र त्यांचा चेहरा जरा उतरला. हातात धरायला काहीच नाही म्हणजे काय?

पहिलं गिऱ्हाईक टायरवाला. आता केस पांढरे, संशय तेवढाच. त्याने फोनवर टकटक केलं आणि म्हणाला, "पाठवले." काकूंचा फोन गप्प. आकडा नाही, आवाज नाही. काकू पडद्याकडे बघत राहिल्या. किटली हवेतच थांबली.

"अहो काकू, पाठवले म्हटलं ना! भरवसा नसेल तर बादली आणू का?"

गल्लीत पुन्हा हशा फुटला. काकूंनी फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि काठोकाठ कप भरला. फोन वाजला तेव्हा टायरवाल्याचा अर्धा चहा पिऊन झाला होता.