मासा कुठी पाहून राह्यला?

बाबांना नोकरीत एकच मेमो मिळाला. तो आज मी फ्रेम करायला टाकणार आहे.

बाबा सकाळी गेले. वय चौऱ्याण्णव. चष्मा उशाशी होता, काचा पुसलेल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाबा चष्म्याचे नंबर काढत. पन्नासच्या दशकात चंद्रपूरला चांदा म्हणत, आणि तिथे माजी सैनिकांसाठी एक दवाखाना होता. त्यात बाबांची खोली. चार्ट आणि खुर्चीत वीस फूट अंतर लागतं. खोली अठरा फुटांची. म्हणून पेशंटची खुर्ची उंबऱ्याबाहेर, व्हरांड्यात.

तिथे एक शिपाई आला. बर्म्याच्या लढाईतून परतलेला. सोबत बायको.

वनखात्यात नाक्यावर चौकीदाराची जागा होती. माजी सैनिकांना आधी घेत. वाचता येण्याची अट नव्हती. अट डोळ्यांची होती, आणि सर्टिफिकेट बाबांनी द्यायचं होतं.

शिपाई परेडला उभा असल्यासारखा ताठ बसला. हात गुडघ्यांवर. बायको शेजारीच, भिंतीला टेकून.

बाबांनी चार्टवरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरावर काठी ठेवली.

"दिसत नाई, साहेब."

दुसरा डोळा. तेच उत्तर. बाबांनी पेटीतल्या सगळ्या लेन्स लावून पाहिल्या. तासभर. कशानेच फरक नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, दृष्टी अपुरी.

शिपायानं कागद घेतला, सॅल्यूट केला आणि पायऱ्या उतरून गेला.

पायऱ्या तो न चाचपडता उतरला, हे बाबांच्या दोन महिन्यांनी लक्षात आलं.

लक्षात आलं ते एका तळ्याच्या पाळीवर. बाबा सायकलनं एका गावी तपासणीला निघाले होते. गाव कोणतं ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्याकडे तळं नसलेलं गाव शोधावं लागतं, त्यामुळे अंदाजही करता येत नाही. शिपाई जाळं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. पलीकडे बगळ्याच्या पायापाशी पाणी जरासं हललं. बाबांना ते दिसलं नाही. शिपायाला दिसलं. तो सरकत तिकडे गेला, जाळं फेकलं आणि मासा काढला.

बाबा सायकल आडवी टाकून उभे राहिले.

त्यानं बाबांना ओळखलं. आधी मागे वळून पाळीवर पाहिलं, बायको आहे का. नव्हती.

"डोळे हायेत, साहेब. अक्षर नाई."

मग बाकीचं हळूहळू निघालं. बर्म्याहून तो घरी पत्रं पाठवायचा. लिहून द्यायचा पलटणीतला सोबती. बायको समजली, यानंच लिहिली. ती सगळी पत्रं तिनं पेटीत ठेवली होती. नवरा लढाईत लिहायला शिकला, हे ती साऱ्या गावाला सांगायची. तिच्यासमोर अक्षर येत नाही म्हणण्यापेक्षा त्यानं आंधळा ठरणं पत्करलं. नोकरी गेली तरी.

बाबा मला म्हणायचे, "मी त्याले विचारलंच नाई, वाचता येते का म्हून. शिकलेल्या माणसाची चूक हाय ते."

जागा अजून भरली नव्हती. बाबांनी लगेच अर्ज केला, पुन्हा तपासणी करू द्या. वरच्या साहेबांनी कारण विचारलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, उमेदवार निरक्षर होता एवढं लिहा, विषय संपला.

पण तो कागद वनखात्यात जाणार होता, आणि तिथून गावात.

बाबांनी लिहिलं, कारण माझा निष्काळजीपणा.

परवानगी आली, सोबत मेमो आला. आईनं जेवायला वाढताना विचारलं, मेडल कुठी लावाचं?

तोवर बाबांनी काळा कागद कापून मासे तयार केले होते. पांढऱ्या फळीवर ओळीनं चिकटवले. वर हातभर, खाली बोटाच्या पेरापेक्षा लहान. कुणाचं तोंड डावीकडे, कुणाचं वर, कुणाचं खाली. वाचायचं काही नाही. बाबा काठी ठेवून विचारायचे, "मासा कुठी पाहून राह्यला?" पेशंटनं फक्त हात दाखवायचा. एक म्हातारा सुभेदार म्हणाला होता, खालच्या ओळीतले तं रश्श्याच्याबी कामाचे नाईत.

शिपाई पुन्हा आला. बायकोही.

त्यानं शेवटच्या ओळीतला शेवटचा मासासुद्धा दाखवला. एकदाही चुकला नाही.

बाबा त्याच्या बायकोला म्हणाले, त्या दिवशी चूक माझी होती.

ती म्हणाली, "मी तं तवाच म्हनत होती. लढाईतून इतके लेटर लिवले याहीनं, अन् तुमी म्हनता दिसत नाई."

"हो बाई," बाबा म्हणाले.

शिपाई फळीवरच्या माशांकडे पाहत राहिला.

त्याला नोकरी लागली. ती फळी बाबा निवृत्त होईपर्यंत भिंतीवर होती. सिरोंच्याकडून तेलुगू बोलणारे यायचे, एटापल्लीकडून गोंडी बोलणारे. वाचता येतं का, हे त्या खोलीत पुन्हा कुणालाच सांगावं लागलं नाही.

मी जन्मभर मराठी शिकवलं. माणसाची लाज न दुखावता परीक्षा कशी घ्यायची, ते मात्र मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

गेल्या आठवड्यात मी म्हटलं, बाबा, आता ते दोघंही नसतील. नाव तरी सांगा.

"काऊन? नंबर काढाचा हाय का त्याचा?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"पोरं-नातवंडं असतीन ना त्याची. आजीनं ठेवलेले लेटर असतीन त्याहीच्या घरी."

आज दुपारी त्यांच्या ट्रंकेतून मेमो काढला. टाईप केलेला, घड्यांवर फाटलेला. बाबांचं नाव स्वच्छ आहे. चूक स्वच्छ आहे. उमेदवाराच्या नावावर बाबांनी काळी शाई फिरवली आहे.

मी कागद खिडकीत उजेडाला धरला. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं.

एकही अक्षर दिसत नाही, बाबा.

या आता. नमस्कार.